पुण्याचे नाक, परळचे हृदय आणि ल्यूव्हेनची श्वासनलिका

काही महिन्यांपूर्वी डोंबिवलीत विज्ञान शिक्षकांच्या एका बैठकीत आम्हाला एक प्रश्न विचारण्यात आला. प्रश्न मुळात नववीच्या एका विद्यार्थिनीचा होता. श्वसनसंस्थेचा धडा चालू असताना तिने बाईंना विचारले होते, "मूत्रपिंड बदलतात, यकृत बदलतात, हृदयसुद्धा बदलतात. श्वासनलिका तर नुसती नळी आहे. मग ती का बदलत नाहीत?" आम्ही त्या वेळी सांगून टाकले, "शरीर परकी उती नाकारते म्हणून." बाईंनी शांतपणे विचारले, "मग हृदय परके नसते का?"

आमचे उत्तर अर्धेच होते हे उघड झाले. उरलेले अर्धे शोधताना जो इतिहास हाती लागला, त्याचा बराचसा भाग आपल्या मुंबई-पुण्यातच घडलेला आहे. तो शिक्षकांना वर्गात उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून येथे मांडत आहोत.

पुण्याचा कारागीर

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक सचित्र पत्र छापून आले. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. नंतर पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही क्रिया पाहिली होती. पत्रात रुग्णाचे नाव आहे, कारागिराचे नाही.

पद्धत अशी होती. प्रथम मेणाचे नाक करून ते चेहऱ्यावर बसवून पाहायचे. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवायचे आणि त्याच्या कडेने रेघ आखायची. तेवढी कातडी सोडवायची, पण भुवयांच्या मधला एक अरुंद पट्टा जोडलेलाच ठेवायचा. सुटी झालेली कातडी त्या पट्ट्यावर पिळून खाली वळवायची आणि नाकाच्या जागी बसवायची. सुमारे २५ दिवसांनी, कातडी नव्या जागी रुजली म्हणजे पट्टा कापायचा. लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने याच धर्तीवर १८१४ मध्ये शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. कपाळाच्या कातडीचे नाक युरोपात 'भारतीय पद्धत' म्हणून ओळखले जाऊ लागले.

या क्रियेत दोन गोष्टी साधल्या आहेत. पट्टा जोडलेला असल्यामुळे कातडीला पहिल्या दिवसापासून रक्त मिळत राहिले. आणि कातडी कावसजीची स्वतःचीच असल्यामुळे त्याच्या शरीराने ती नाकारली नाही. पहिली गोष्ट कारागिराला पक्की ठाऊक असली पाहिजे; नाहीतर तो पट्टा त्याने ठेवलाच नसता. दुसरी गोष्ट समजायला जगाला आणखी दीडशे वर्षे लागली. रोपणाचा पुढचा सगळा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो : रक्त कोठून मिळणार, आणि पेशी कोणाच्या?

आपले आणि परके

दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या सैनिकांना व नागरिकांना दुसऱ्याची कातडी लावून वाचवता येईल का, हा प्रश्न निकडीचा झाला. पीटर मेडावार व टॉम गिब्सन यांनी ग्लासगो येथे भाजलेल्या एका तरुणीवर तिच्या भावाच्या कातडीचे छोटे तुकडे लावले. काही दिवस ते रुजल्यासारखे दिसले, मग नष्ट झाले. त्याच भावाच्या तुकड्यांची दुसरी खेप लावली, ती पहिलीपेक्षा लवकर नष्ट झाली. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचे महत्त्व 'लवकर' या शब्दात आहे. कातडी केवळ रक्ताअभावी मरत असती, तर दोन्ही खेपांना सारखाच वेळ लागला असता. दुसऱ्यांदा वेळ कमी लागला याचा अर्थ शरीराने पहिली भेट लक्षात ठेवली होती. लस टोचल्यावर जंतू लक्षात राहतात तशीच ही आठवण. म्हणजे परकी उती नाकारण्याचे काम प्रतिरक्षा संस्थाच करते.

१९५३ मध्ये बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेडावार यांनी दाखवले, की उंदराच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या पेशी टोचल्या, तर मोठेपणी तो उंदीर त्या वाणाची कातडी स्वीकारतो. आपले कोण आणि परके कोण हे शरीर शिकते आणि ते शिकणे बदलता येते, हा याचा अर्थ. मेडावार यांना १९६० चे नोबेल पारितोषिक ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांच्याबरोबर विभागून मिळाले.

दरम्यान बोस्टन येथे जोसेफ मरे यांच्या गटाने डिसेंबर १९५४ मध्ये एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले. भाऊ एकरूप जुळे असल्याने नाकारण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. पण एकरूप जुळे किती जणांना असणार? बाकीच्यांसाठी औषध हवे होते. १९६० च्या सुमारास कर्करोगावरील एका औषधापासून सुरुवात होऊन अझाथायोप्रिन हे औषध तयार झाले आणि १९६३ पर्यंत ते स्टेरॉइडच्या जोडीने वापरात आले. ही औषधे विभाजन पावणाऱ्या पेशींना अटकाव करतात. नाकारणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यात येतात, पण जंतूंशी लढणाऱ्याही येतात. एका घरातला दिवा विझवण्यासाठी साऱ्या गल्लीची वीज तोडावी, तसा हा प्रकार होता.

परळ, १९६५ ते १९६८

नेमक्या याच काळात मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचा गट रोपणाचे काम करीत होता. मे १९६५ मध्ये तेथे मृत दात्याचे मूत्रपिंड एका रुग्णाला बसवण्यात आले. भारतातील माणसावरचे हे पहिले मूत्रपिंड-रोपण मानले जाते. त्याच वर्षी 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये सेन, जी. बी. पारुळकर, एस. आर. पांडे आणि एस. जी. किणरे यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता एका कुत्र्याचे हृदय दुसऱ्या कुत्र्याला बसवण्याचे १०० प्रयोग. शंभर प्रयोगांनंतरही लेखकांनी त्याला 'प्राथमिक अहवाल' असेच म्हटले होते. डॉ. किणरे या विकृतिशास्त्राच्या जाणकार होत्या. शल्यकाने शिवलेल्या अवयवाचे पुढे काय झाले, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारी व्यक्ती गटात असणे किती आवश्यक आहे, हे या लेखाच्या शेवटी पुन्हा दिसेल.

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसावर पहिले हृदयरोपण केले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ च्या मध्यास, परळला डॉ. सेन यांनी ते केले. जगातले हे सहावे हृदयरोपण, आणि दक्षिण आफ्रिका व अमेरिका यांच्यानंतर भारत हा तिसरा देश. रुग्ण सुमारे तीन तासांनी दगावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरा प्रयत्न झाला. तो रुग्णही एक दिवस पुरा करू शकला नाही.

हे दोन्ही मृत्यू 'शरीराने हृदय नाकारले' म्हणून झाले, असे आपण सहज समजतो. आम्हीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. पण तीन तासांत नाकारण्याची ही नेहमीची क्रिया पुरी होत नाही. तिला दिवस लागतात. फेब्रुवारीतल्या रुग्णाच्या फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांचा विरोध जुन्या आजाराने फार वाढला होता. त्याचे स्वतःचे हृदय वर्षानुवर्षे या वाढत्या दाबाला सरावत गेलेले. निरोगी दात्याच्या हृदयाच्या उजव्या कप्प्याला तो सराव नव्हता. एकदम त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलायची वेळ आली आणि ते थकले. प्रयोगातील निरोगी कुत्र्यांच्या फुफ्फुसांत असा विरोध नसतो; त्यामुळे शंभर प्रयोगांतूनही ही अडचण दिसणे अवघड होते. आज हृदयरोपणापूर्वी रुग्णाचा हा विरोध मोजतात आणि तो फार असल्यास नुसते हृदय बसवीत नाहीत.

त्या काळातील तीन मृत्यू शेजारी ठेवले, तर वर्गात पुष्कळ शिकवता येते. परळचा रुग्ण तीन तासांनी गेला, तो दाबामुळे. बर्नार्ड यांचा पहिला रुग्ण १८ दिवसांनी गेला, तो न्यूमोनियामुळे. नाकारणे रोखणाऱ्या औषधांनी त्याची जंतूंशी लढण्याची ताकद काढून घेतली होती. त्यांचा दुसरा रुग्ण सुमारे १९ महिने जगला आणि हळूहळू चालणाऱ्या नाकारण्याने त्याच्या नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या. कारणे तीन, आणि तिन्हींवर उपाय वेगळे.

१९६८ या एका वर्षात जगात शंभराहून अधिक हृदयरोपणे झाली. बहुतेक रुग्ण काही महिन्यांत दगावले आणि बहुतेक ठिकाणी हे काम थांबले. मुंबईतही थांबले. अमेरिकेत नॉर्मन शुमवे यांच्यासारख्या थोड्यांनी ते नेटाने चालू ठेवले.

मातीतले औषध

कोंडी फुटली ती एका बुरशीमुळे. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीचे कर्मचारी प्रवासाला गेले, की तेथील मातीचे नमुने आणीत. नॉर्वेतील हार्डांगरविडा पठारावरून आणलेल्या मातीतील बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. बुरशी मारणारे औषध म्हणून ते सामान्यच होते. पण १९७२ मध्ये ज्याँ-फ्रान्स्वा बोरेल यांच्या प्रयोगशाळेत दिसले, की ते प्रतिरक्षा दाबते आणि तरीही सर्व विभाजनशील पेशींना मारत नाही. ते टी-पेशींच्या आतला एक निरोपच अडवते. त्यामुळे परकी उती ओळखलेल्या पेशीची संख्या वाढत नाही. गल्लीची वीज तोडण्याऐवजी एका घराचा फ्यूज काढावा, तसे. केंब्रिजला रॉय काल्न यांनी १९७८ मध्ये रुग्णांत ते वापरले आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

भारतात मस्तिष्क-मृत्यूला मान्यता देणारा मानवी अवयव-रोपण कायदा १९९४ मध्ये झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदयरोपण केले. मुंबईत मात्र त्यासाठी ऑगस्ट २०१५ उजाडावे लागले; मुलुंडच्या एका रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या गटाने ते केले. डोंबिवलीहून निघालेली धीमी लोकल आधी मुलुंडला थांबते, मग परळला. या दोन स्थानकांमध्ये सत्तेचाळीस वर्षांचे अंतर आहे.

नुसती नळी?

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. हृदयाचे जमले, मग श्वासनलिकेचे का अडले?

प्रौढ माणसाची श्वासनलिका साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराची सुमारे वीस कूर्चेची कडी तिला उघडी ठेवतात. आतून श्लेष्मल अस्तर असते आणि त्यावरचे सूक्ष्म केस धूळ व जंतू अडकलेला चिकट द्रव सतत घशाकडे ढकलत असतात. अपघात, अर्बुद, किंवा फार दिवस घशात ठेवलेली कृत्रिम श्वसनाची नळी यांमुळे ती खराब होते. बोस्टनचे हर्मिस ग्रिलो यांनी १९६० च्या दशकात दाखवले, की प्रौढाच्या श्वासनलिकेचा जवळजवळ अर्धा भाग कापून उरलेली टोके एकमेकांना जोडता येतात. त्याहून जास्त भाग खराब असेल, तरच रोपणाचा प्रश्न येतो.

तेथे तीन अडचणी एकदम उभ्या राहतात. पहिली रक्ताची. हृदयाला वा मूत्रपिंडाला ठळक रक्तवाहिन्या असतात; त्या शिवल्या की रक्त सुरू होते. श्वासनलिकेला मात्र ठिकठिकाणांहून केसासारख्या बारीक वाहिन्या येतात. दुसरी अडचण अस्तराची. हे अस्तर बाहेरच्या हवेला सतत तोंड देत असल्याने तेथे प्रतिरक्षा संस्था नेहमीच जागी असते, आणि परक्या अस्तरावर ती तुटून पडते. वेगळ्या वाणाच्या उंदरांमध्ये श्वासनलिकेचे रोपण औषधाविना केले, की अस्तर गळून पडते आणि काही आठवड्यांत नळी तंतुमय उतीने भरून बंद होते. एकाच वाणाच्या उंदरांत ती मोकळी राहते. फुफ्फुस-रोपणानंतरचे दीर्घकालीन नाकारणे अभ्यासण्यासाठी १९९० च्या दशकापासून हाच प्रयोग वापरला जातो.

तिसरी अडचण न्यायाची आहे, आणि आमच्या मते तीच सर्वांत मोठी. हृदय निकामी झालेल्या माणसापुढे दुसरा मार्ग नसतो. तो जन्मभर प्रतिरक्षा दाबणारी औषधे घ्यायला तयार होतो. श्वासनलिका अरुंद झालेला माणूस गळ्याला भोक पाडून का होईना, श्वास घेत असतो. त्याला जन्मभराचा जंतुसंसर्गाचा धोका द्यायचा का? आणि मूळ रोग कर्करोगाचा असेल, तर प्रतिरक्षा दाबल्याने तो उलटण्याची भीती. म्हणून येथे नाकारणे रोखायचे, तेही शक्यतो औषध कायमचे न देता, असा दुहेरी पेच आहे.

सुदैवाने नळीचे सर्व भाग सारखे परके ठरत नाहीत. कूर्चेच्या पेशी घट्ट पदार्थात पुरलेल्या असतात आणि तेथे रक्तवाहिन्या नसतात. पांढऱ्या पेशींना तेथवर पोचणे अवघड जाते. डोळ्याच्या पारपटलाचेही असेच आहे. म्हणूनच नेत्ररोपण इतर रोपणांच्या फार आधी रुळले आणि मुंबई राज्यात त्यासाठी १९५७ सालीच कायदा होऊ शकला. मग श्वासनलिकेची कूर्चा दात्याची आणि अस्तर रुग्णाचे, अशी मिश्र नळी करता येईल का?

बेल्जियममधील ल्यूव्हेनच्या पिएर डेलारे यांनी अनेक वर्षे सशांवर हा प्रश्न तपासला आणि मगच तो रुग्णापुढे नेला. जानेवारी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतात दात्याची श्वासनलिका प्रथम रुग्ण स्त्रीच्या पुढच्या हातात, कातडीखाली ठेवलेली आहे. तेथील वाहिन्या महिनोन् महिने हळूहळू तिच्यात शिरल्या. या काळात नाकारणे रोखणारी औषधे चालू होती. दरम्यान रुग्णाच्या तोंडातील अस्तराचे तुकडे नळीच्या आत लावण्यात आले. दात्याच्या अस्तराची जागा रुग्णाच्या अस्तराने घेतल्यावर औषधे थांबवली. कूर्चा टिकून राहिली. मग रक्तवाहिन्यांसकट ती नळी हातातून काढून गळ्यात बसवली. पुण्याच्या कारागिराने भुवयांमधला पट्टा राखला आणि स्वतःची कातडी वापरली. येथेही तीच दोन कामे, फक्त हात आणि तोंड यांच्याकडून करून घेतलेली.

ही पद्धत वेळखाऊ आहे आणि मोजक्याच रुग्णांत वापरली गेली. पॅरिसच्या गटाने २०१८ मध्ये १३ रुग्णांत गोठवून साठवलेल्या महारोहिणीचा तुकडा श्वासमार्गात बसवल्याचा वृत्तांत दिला. त्याला नाकारणे रोखणारी औषधे लागली नाहीत. न्यूयॉर्कला एरिक जेंडेन यांनी जानेवारी २०२१ मध्ये दात्याची श्वासनलिका बारीक रक्तवाहिन्यांसकट थेट बसवली, पण तेथे औषधे द्यावी लागली. प्रश्न पुरता सुटला असे अद्याप म्हणता येत नाही.

चुकीचा जवळचा रस्ता

नाकारणे टाळायचा आणखी एक मार्ग सुचतो : परक्या पेशीच नकोत. दात्याच्या नळीतील पेशी धुऊन काढाव्यात, किंवा प्लास्टिकची नळी घ्यावी, आणि तिच्यावर रुग्णाच्या मूलपेशी पेराव्यात. पाओलो मक्कियारिनी यांच्या गटाने २००८ मध्ये बार्सिलोनात पहिला आणि २०११ पासून स्वीडनमध्ये दुसरा प्रकार माणसांवर केला. जगभर वाहवा झाली. पेशींचा प्रश्न कागदावर सुटला होता, पण रक्ताचा प्रश्न तसाच होता. प्लास्टिकच्या नळीत रक्तवाहिन्या वाढत नव्हत्या, अस्तर धरत नव्हते, आणि प्राण्यांवरचा पुरेसा पुरावा आधी गोळा केलेला नव्हता. स्वीडनमधील तिन्ही रुग्ण पुढे दगावले. त्याच रुग्णालयातील चार डॉक्टरांनी नोंदी तपासून, निबंधांत लिहिलेले आणि रुग्णांच्या कागदपत्रांत असलेले जुळत नाही, असे दाखवले. प्रथम त्यांनाच त्रास सोसावा लागला. 'लॅन्सेट'ने २०१८ मध्ये दोन निबंध आणि २०२३ मध्ये २००८ चा निबंधही मागे घेतला. २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने मक्कियारिनी यांना अडीच वर्षांच्या कैदेची शिक्षा दिली.

डॉ. सेन यांनीही घाई केली, असे त्यांच्या काळात म्हटले गेले, आणि त्यावर वाद होऊ शकतो. पण त्यांच्यामागे शंभर प्रयोगांचा छापील हिशेब होता आणि त्यांच्या रुग्णांचे मृत्यू लपवले गेले नाहीत. म्हणूनच त्यांच्यापासून पुढच्यांना शिकता आले. ज्या प्रयोगाचे अपयश लपवले जाते, त्याची किंमत पुढच्या रुग्णाला मोजावी लागते.

आता बाईंना आम्ही असे सांगू : हृदयही परकेच असते, पण त्याला रक्त देणे सोपे, आणि त्यासाठी जन्मभर औषध घेणे परवडते. श्वासनलिकेत दोन्ही जमत नाही. विद्यार्थ्यांनी वर्तमानपत्रातील रोपणाची कोणतीही बातमी आणावी आणि वहीत चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. नव्या उतीला रक्त कोठून मिळते? तिच्या पेशी कोणाच्या? औषध किती दिवस घ्यायचे? आणि माणसापूर्वी हे कोणावर करून पाहिले, त्यात काय दिसले? बहुतेक बातम्यांत चौथ्या प्रश्नाचे उत्तर सापडणार नाही. तेथे जागा कोरी सोडायला सांगावे, आणि ती कोरी का राहिली यावर तास घ्यावा.